तिसरं कपलिंग

आमच्या टूलरूममधून निवृत्त झालेली मंडळी वर्षातून एकदा भेटतात, सेव-उसळ खातात आणि जुन्या माणसांच्या गोष्टी काढतात. त्यात डायलकाकांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. परत येईपर्यंत गोष्ट संपलेली असायची, लोक हसत असायचे. मीही थोडंसं हसून बसायचो. वीस वर्षांहून जास्त मी असा पाणी पीत आलो. एकदा कोणीतरी म्हणालंसुद्धा, "याची साखर तपासून घ्या रे."

साखर ठीक होती. ती गोष्टच चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे ठाऊक असलेला माणूस मी एकटाच होतो. आता मी सत्तरी ओलांडली आहे आणि काकांना जाऊनही बरीच वर्षं झाली. लिहायला बसताना वाटलं होतं, हात चालणार नाही. पण चालतो आहे, आणि बरं वाटतं आहे.

काका आमच्या कारखान्यात तपासनीस होते. कारखाना बडोद्यातल्या मकरपुऱ्याला, मी तिथे लेथवर, म्हणजे वस्तू फिरवत कापायच्या यंत्रावर, होतो, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. माझे आजोबा संस्थानच्या फौजेत, त्यांचे वडील संस्थानच्या मोजणी खात्यात. "तुझ्या घराण्यानं जमिनी राखल्या, माझ्या घराण्यानं मोजल्या," असं ते म्हणत, "आणि दोघांच्याही नावावर गुंठाभर झाली नाही."

डायलकाका हे नाव कारखान्यानं दिलेलं. वस्तूचा वाकडेपणा मोजायचं एक घड्याळासारखं यंत्र असतं, त्याला डायल म्हणतात. वस्तू फिरवायची आणि डायलचं टोक तिला टेकवून ठेवायचं. वस्तू सरळ असेल तर काटा गप्प बसतो, नसेल तर डुलतो. केसाच्या जाडीहून कमी वाकडेपणाही त्याला कळतो. काका हे यंत्र चष्म्याच्या डबीत घालून खिशात बाळगत. चष्मा मात्र दुसऱ्या खिशात नुसताच, किल्ल्यांबरोबर. त्यामुळे त्याच्या काचा कायम चरे पडलेल्या.

सयाजीगंजातल्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव-उसळ खायला गेलो तर बसण्याआधी ते बोटभर लांबीची पाणसळ काढून बाकड्यावर ठेवत. बुडबुडा मध्ये नसला की लारीवाल्याकडे बघत. तो दगडाची एक कपची आणून बाकड्याच्या पायाखाली सरकवायचा. अशा कपच्या त्यानं खास काकांसाठी लारीच्या खालच्या फळीवर जमवून ठेवल्या होत्या. "काका, आजे पातळी के जाडी?" एवढंच विचारायचा, म्हणजे कपची पातळ हवी की जाड.

त्यांच्या घरात 'साधारण', 'अंदाजे', 'जवळपास' हे शब्द चालत नसत. वाडी भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "किती वेळ लागला?"

"साधारण अर्धा तास."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं."

"पंचवीस की तीस?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला आधी पाणी द्या, मग जबानी घ्या!"

काकूंचा आणि त्यांचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. एकदा काकूंनी लाटणं ठेवलं होतं तिथे काकांची नजर गेली. डायल लावून बघितला तर लाटणं मध्ये जाड आणि टोकांना बारीक. काका ते कारखान्यात घेऊन आले, माझ्या लेथवर चढवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी डब्यात नकाशाच्या आकाराच्या पोळ्या. लाटण्याला पोट असतं म्हणून पोळी लाटता लाटता आपोआप फिरते, हे काकूंनी त्यांना पोळपाटावर करून दाखवलं. काकांनी नवं लाकूड आणलं, पोटासकट लाटणं करून दिलं आणि त्याच्या एका टोकावर बारीक अक्षरांत कोरलं: 'चूक माझी'. आल्यागेल्याला ते स्वतः दाखवायचे. चूक सापडली की त्या माणसाला हुरूप यायचा. ती स्वतःची निघाली तर आणखीच.

आता त्यांची एक रीत सांगतो. पुढचं सगळं त्या रीतीमुळे घडलं. काका जगातल्या प्रत्येक वस्तूला डायल लावत, पण माणसाच्या शब्दाला लावत नसत. तुम्ही केलेली वस्तू हातात घेत आणि एकच प्रश्न विचारत. तुम्ही उत्तर दिलं की ती वस्तू पुन्हा तपासायची नाही. एकदा जुन्या बाजारातल्या दुकानदारानं "नवी आहे" म्हणून दिलेली बेअरिंग त्यांनी तशीच बसवली, आणि ती वापरलेली निघाली. आम्ही म्हणालो, "काका, आधी फिरवून तरी बघायची." ते म्हणाले, "मग त्याला विचारलं कशाला? विचारायचं तर ऐकायचं. ऐकायचं नसेल तर विचारू नये." मग ते त्या दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "भूल थई गई, काका." काका चहा पिऊन खुशीत परत आले. पुढेही बेअरिंग त्याच्याकडूनच घ्यायचे.

नव्वदची वर्षं अर्धी उलटली होती. कारखान्यात संगणकावर चालणारी परदेशी मशिनं आली आणि तपासणीचं काम त्यातलंच एक मशिन करू लागलं. बाहेरून मशिनं येत होती आणि आतून माणसं जात होती. स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या लागत. पहिल्या यादीत काकांनी स्वतः नाव घातलं. जाताना साहेबांना म्हणाले, "ते मशिन मला आतून बघू दिलं असतं तर राहिलो असतो." साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतो आहे.

मग काकांनी तसं संगणकावर चालणारं मशिन घरी करायला घेतलं. त्या सुमारास जुने मोठे प्रिंटर भंगारात येऊ लागले होते; त्यातल्या टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या मोटरी त्यांनी मिळवल्या. पुतण्याचा जुना संगणक आणला. पुढच्या खोलीतला दिवाण बाहेर गेला आणि त्या जागी बिडाच्या चौकटीवर एक टेबलाएवढं यंत्र उभं राहिलं. तीन मोटरी आणि तीन लांब स्क्रू: एक लांबीला, एक रुंदीला, एक वर-खाली. मोटर फिरली की स्क्रू फिरणार, स्क्रू फिरला की कोरायचं पातं सरकणार.

यंत्र कशासाठी, तर नकाशांसाठी. त्यांच्या फिरायला जायच्या वाटेवर दृष्टिहीन मुलांची एक शाळा होती. तिथल्या मुलांना भूगोल शिकवायला पुठ्ठ्यावर दोरा चिकटवलेले नकाशे होते. दोरा सुटे, आणि मुलांच्या बोटाखालून नदी गायब होई. काकांनी मुख्याध्यापकबाईंना शब्द दिला की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत लाकडात कोरलेले बारा नकाशे देतो. किनाऱ्याचा एकेक बिंदू ते मोठ्या नकाशावरून पट्टीनं मोजत आणि वहीत लिहीत. मोजणी खात्यातलं रक्त. नुसत्या कच्छच्या आखातावर त्यांनी पंधरवडा घालवला.

राहिली होती तीन कपलिंगं. मोटरच्या दांड्याला स्क्रूच्या दांड्याशी जोडणारा अंगठ्याएवढा तुकडा, तो कपलिंग. एका बाजूच्या भोकात मोटर, दुसऱ्या बाजूच्या भोकात स्क्रू. दिसायला यंत्रातली सगळ्यात क्षुल्लक वस्तू. त्याच्यावर आमचे तीन रविवार गेले.

"रबरी नळी लावा की, काका," मी म्हणालो. "दोन बाजूंनी पट्ट्या आवळल्या की झालं."

"नळी पिळली जाते. मोटर म्हणणार, मी पोचले. आणि स्क्रू अजून वाटेत."

"मग ते दोन लोखंडी पंजे आणि मध्ये रबराची चांदणी असते, ते?"

"चांदणी झिजली की खडखड. दिशा बदलताना प्रत्येक वेळी थोडं खोटं बोलणार."

"मुंबईला आता तैवानचं मिळतं. ॲल्युमिनियमचं, अंगावर गोल गोल चीर पाडलेली. वाकतं, पण पिळलं जात नाही."

मी आणलेलं त्याचं चित्र काकांनी निरखून बघितलं. "उत्तम वस्तू आहे," ते म्हणाले. "पण कोणासाठी? ज्याला मोटर आणि स्क्रू एका रेषेत आणता येत नाहीत त्याच्यासाठी. मला येतात. वाकडी रेष सोसणारं कपलिंग नको. मला सरळसोट पोलादी नळकांडं करून दे. त्यात वाकणं नाही, पिळणं नाही. एकच अट. दोन्ही भोकं एकाच पकडीत."

ही अट समजावून सांगतो. लेथच्या जबड्यात तुकडा एकदा पकडला की त्याचा एक मध्य ठरतो. तो न काढता लहान भोक आरपार पाडलं आणि तिथल्या तिथे अर्ध्या लांबीपर्यंत मोठं केलं, तर दोन्ही भोकांचा मध्य एकच राहतो. पण मधे तुकडा काढून पुन्हा पकडला तर जबडा त्याला नेमका त्याच जागी कधीच धरत नाही. भोकं दिसायला नीट दिसतात. मध्य मात्र किंचित सरकलेला असतो. मग असं ताठ, न वाकणारं कपलिंग फिरताना दर फेऱ्याला स्क्रूला एकदा बाजूला रेटतं. लेथवरच्या शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं.

पहिली दोन कपलिंगं मी दोन दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत, एकाच पकडीत केली. कारखान्याच्या लेथवर घरचं काम, त्यामुळे चोरूनच. तिसऱ्याच्या वेळी लहान भोक पाडून झालं होतं आणि लांबून आमचा फोरमन नटुभाई सरळ माझ्या दिशेनं येताना दिसला. दुसरी यादी त्याच आठवड्यात लागायची होती. माझी मुलगी दहावीला. मी जबडा सोडला, गरम तुकडा फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात टाकला आणि लेथ पुसत उभा राहिलो. नटुभाई आला, थोडा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

पंधरा मिनिटांनी मी तुकडा पुन्हा पकडला. डायल लावून मध्य जुळवायला हवा होता. सुट्टी संपत आली होती. मी तसंच मोठं भोक पाडलं.

संध्याकाळी काकांच्या तळहातावर तिन्ही कपलिंगं ठेवली. त्यांनी ती बोटांत फिरवली, लहान मूल गोटी फिरवतं तशी.

"एकाच पकडीत?"

"हो," मी म्हणालो.

'तिसरं दोन पकडींत झालंय, नवीन करून देतो' एवढंच म्हणायचं होतं. काका म्हणाले असते, "नटु आला होता की काय?" आणि काकूंनी चहा टाकला असता. पण तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा तुकड्यात काय कळणार आहे.

पहिला नकाशा गुजरातचा कोरला. बघायला मुख्याध्यापकबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर शाळेतले भूगोलाचे सर. सर स्वतः दृष्टिहीन. आम्हां डोळसांना नकाशा अप्रतिम दिसला. बाई तर "वाह, वाह" म्हणत होत्या. सरांनी दोन्ही हातांची बोटं किनाऱ्यावर ठेवली आणि हळूहळू पुढे नेली. आखात झालं. मग सौराष्ट्राच्या कडेनं जाताना बोटं थांबली, मागे आली, पुन्हा गेली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं.

"काका, तमे तो दरियानां मोजां पण कोतर्यां!" ते म्हणाले. मोजां म्हणजे लाटा.

"लाटा?" काका म्हणाले. "मी लाटा नाही कोरल्या."

"छे ने. अहीं. एकसरखां, एक पछी एक." आहेत ना, म्हणाले, इथे, एकसारख्या, एकामागून एक.

काकांनी चष्मा काढला, वाकले, आपलं बोट फिरवलं. मग पट्टी लावली. दर पाच मिलिमीटरला एक लाट. स्क्रू एका फेऱ्यात पाच मिलिमीटरच सरकवायचा. काकांना त्याच क्षणी कळलं की दर फेऱ्याला काहीतरी एकदा अडतं आहे, आणि तेही फक्त लांबीच्या स्क्रूवर. त्या स्क्रूला तिसरं कपलिंग होतं.

सर संकोचून म्हणाले, "सुंदर छे, काका. पण नानां छोकरां एने डुंगर समजशे." लहान मुलं त्याला डोंगर समजतील.

काका माझ्याकडे वळले. नजरेत संशय मुळीच नव्हता, यादीतली एक ओळ खोडायची म्हणून विचारावं तसं विचारलं, "ते एकाच पकडीतलं आहे ना रे?"

खोलीत पाच माणसं होती. मी पुन्हा म्हणालो, "हो, काका."

"मग उरलं ते माझं," काका म्हणाले.

पहिलं खोटं भीतीनं बोललो होतो, त्याला निदान नटुभाईचं निमित्त होतं. दुसऱ्याला कसलंही निमित्त नव्हतं. लाज वाटली, एवढंच.

त्यानंतरचा महिना मला आठवायला नको वाटतो. काकांनी सगळं यंत्र सोडलं. स्क्रूला डायल लावला, सरळ. मोटरच्या दांड्याला लावला, सरळ. मोटर ज्या पट्टीवर बसते ती पट्टी तीनदा काढली, घासली, पुन्हा बसवली. जमिनीवर शंका आली म्हणून फरशी उकरून चौकटीखाली नवा चौथरा घातला. आपल्या चष्म्यावर शंका आली म्हणून डोळे तपासून आले. फक्त एका वस्तूला डायल लावला नाही. ती माझ्या शब्दाची होती.

काकू एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अरे, ह्यांना काहीतरी सांग ने. काल मला विचारत होते, माझा हात हलतो का गं हल्ली? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, नीट बघून सांग."

मे अर्धा संपला. मला राहवेना. पण खरं सांगायचं धैर्य आलं नाही. त्याच्याऐवजी मी पळवाट काढली. मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून तैवानची तीन कपलिंगं मागवली, ती चिरा पाडलेली, सोसणारी. काकांपुढे ठेवली आणि म्हणालो, "एकदा लावून तर बघा. मुलांची शाळा उघडेल."

मुलांचं नाव घेतल्यावर त्यांनी पाना उचलला. त्यांनी तिन्ही बसवली. यंत्र सुरू झालं. सरांना बोलावणं गेलं. सरांची बोटं सौराष्ट्राच्या कडेनं गेली, दक्षिणेच्या टोकाला वळली, खंभातच्या आखातात शिरली आणि कुठेही थांबली नाहीत. "दरियो शांत थई गयो," ते म्हणाले. काकू रडल्या. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. इतका मोकळा श्वास मी कित्येक आठवड्यांत घेतला नव्हता. बाराच्या बारा नकाशे शाळा उघडायच्या आत तयार झाले.

म्हणजे नुकसान कोणाचंच झालं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मुलांना नकाशे मिळाले. माझी नोकरी राहिली.

काकांनी वहीत लिहिलं, 'ताठ कपलिंगचा हट्ट धरला. मोटर आणि स्क्रू रेषेत आणता आले नाहीत. चूक माझी.' आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे ते सगळ्यांना सांगत सुटले. लारीवर, कारखान्याच्या फाटकाशी, लग्नाच्या मांडवात. "मला वाटायचं मला रेष जमते. नाही जमत." मी एकदा चाचरत म्हणालो की काका, बाकीच्या दोन स्क्रूंवर ताठ कपलिंगं असताना एकही लाट नव्हती, म्हणजे रेष जमली होतीच की. ते म्हणाले, "ती दोन नशिबानं लागली असणार." लोक हसले. आमच्या संमेलनात दरवर्षी निघायची ती गोष्ट हीच: डायलकाकांनी हट्टानं दर्याला लाटा आणल्या आणि आंधळ्या मास्तरानं त्या पकडल्या.

लोक हसले त्याचं काकांना काही वाटलं नाही. मला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दिवाळीला भेटायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, पाहुणे किती वाजता येणार? काका पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "येतील साधारण सहापर्यंत."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी फराळाच्या ताटलीकडे.

काढून ठेवलेली जुनी कपलिंगं मी "भंगारात टाकतो" म्हणून मागून घेतली होती. एका सुट्टीत तिसऱ्याला डायल लावून बघितला. लहान भोकावर काटा गप्प होता. मोठ्या भोकावर तो बारा रेघा डुलला. एवढा पुरे होता. काकांची रेष, काकांची निवड, काकांचा हात, सगळं बरोबर होतं.

गेल्या हिवाळ्यातल्या संमेलनात पुन्हा ती गोष्ट निघाली. सांगणारा रंगात आला होता. मी सवयीनं उठलो, आणि काय झालं कोण जाणे, पाण्याकडे न जाता तिथेच उभा राहिलो. म्हणालो, "थांबा. लाटा काकांमुळे आल्या नव्हत्या. तिसरं कपलिंग मी दोन पकडींत केलं होतं आणि त्यांना खोटं सांगितलं होतं." नटुभाईकडे बघून म्हणालो, "तुम्ही येताना दिसलात म्हणून मी ते डब्यात टाकलं."

सगळे नटुभाईकडे वळले. नटुभाई आता ऐंशीच्या पुढे, कानाला यंत्र. त्यांनी शेजारच्याकडून पुन्हा एकदा सगळं ऐकून घेतलं आणि मग डोक्याला हात लावला.

"अल्या गांडा, हुं तो तारी पासे चूनो लेवा आवतो'तो!"

मला वेडा म्हणाले; ते तंबाखूचा चुना मागायला येत होते. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, मी कसल्यातरी काळजीत आहे, म्हणून न मागताच परत गेले. "अने घरनुं काम?" ते म्हणाले. "ए तो बधा करता'ता. मारा घरनी आखी जाळी तारा ज लेथनी बाजुमां बनी छे." घरचं काम तर सगळेच करायचे; त्यांच्या घराची अख्खी जाळी माझ्याच लेथशेजारी झाली होती.

सगळे हसले, मीही हसलो. किती दिवसांनी असा हसलो कोण जाणे. एकानं पाठीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याला रेष जमत होती तर!" ते वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. घरी आल्यावर शांत झोप लागली. आता कोणी ती गोष्ट सांगितली तर बरोबर सांगेल. हे लिहितो आहे तेही त्यासाठीच.

पण हे सगळं ज्याला सांगायचं होतं तो माणूस ऐकायला नाही. काकू त्यांच्यापाठोपाठ दोन वर्षांत गेल्या.

काकांना शेवटचा भेटलो तो बडोदा स्टेशनवर. त्यांची मुलगी पुण्याला, तिनं दोघांना कायमचं बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी सांगायचंच, असं ठरवून मी निघालो. स्कूटरवरून जाताना वाक्यं जुळवली, सिग्नलला पुटपुटलो, शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. फलाटावर पोचलो तेव्हा ते डब्यात बसले होते. काकू पिशव्या मोजत होत्या. खिडकीच्या गजांतून काकांनी माझा हात धरला.

"तुला एक सांगायचं होतं," तेच म्हणाले. "त्या कपलिंगनंतर तू जरा गप्प गप्प झालास. मला कळलं होतं. तुला वाटतं तू दिलेली वस्तू माझ्याकडून वाया गेली. पण तुझा त्यात काही दोष नव्हता हं. तू चोख काम दिलंस. मनाला लावून घेऊ नकोस."

"काका," मी म्हणालो.

"बोल."

"तब्येतीला जपा."

गाडी हलली. त्यांनी हात सोडला. मी डब्याबरोबर चार पावलं चाललो आणि फलाटाच्या गर्दीत थांबलो. जुळवून आणलेली वाक्यं तोंडातच होती. ती अशी होती:

काका, दोष माझाच होता. मी घाबरलो आणि खोटं बोललो, मग लाज वाटली म्हणून पुन्हा खोटं बोललो. तुमची रेष सरळ होती. मला माफ करा.